मेंदूतील रसायनांचा हिरवा उजेड

डोपामाइन, सेरोटोनिन, नॉरअॅड्रिनालिन ही नावे आता वैद्यकीय ग्रंथांपुरती राहिलेली नाहीत. व्यसन, नैराश्य, निद्रानाश आणि कंपवात यांच्याविषयीच्या प्रत्येक चर्चेत ती येतात. परंतु जिवंत मेंदूत ही रसायने नेमकी केव्हा, कोठे आणि किती सुटतात, हे क्षणाक्षणाला पाहण्याची सोय २०१८ पर्यंत जवळजवळ नव्हती. ही सोय करून देणाऱ्या प्रकाशमान संवेदकांची ही ओळख.

दोन काचेचे पेले घ्यावेत. दोहोंत चमचा चमचा हळद टाकून एकात पाणी व दुसऱ्यात सर्जिकल स्पिरिट घालावे. ढवळून गाळ खाली बसू द्यावा आणि अंधाऱ्या खोलीत त्यांच्यावर नोटा तपासण्याचा जांभळा दिवा धरावा. स्पिरिट पेट घेणारे असल्याने जवळपास ज्योत नसावी, एवढी काळजी पुरे. पाण्याच्या पेल्यात विशेष काही घडत नाही. स्पिरिटचा पेला मात्र हिरवट पिवळ्या उजेडाने भरून जातो. हळद तीच, दिवा तोच. फरक आहे तो हळदीतील कर्क्युमिन या द्रव्याच्या भोवतालात. पाण्यात ते नीट विरघळत नाही आणि घेतलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गमावून बसते. स्पिरिटमध्ये तीच ऊर्जा ते प्रकाशाच्या रूपाने परत करते.

सांगलीच्या बाजारपेठेत पिढ्यान् पिढ्या हळदीचे सौदे होत आले आहेत. हरिपूरच्या जमिनीखालील पेवांत ती साठवली जात असे आणि २०१८ मध्ये 'सांगली हळदी'ला भौगोलिक मानांकनही मिळाले. या हळदीचा रंग, वास आणि औषधी गुण सर्वांच्या परिचयाचे आहेत. तिचा हा उजेड मात्र फारसा कोणी पाहिलेला नसतो. एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकण्याच्या या गुणाला १८५२ मध्ये जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या शास्त्रज्ञाने 'फ्लुओरेसन्स' असे नाव दिले. मराठीत त्याला अनुस्फुरण म्हणतात. रेणूचा भोवताल बदलला की त्याचा उजेड कमीअधिक होतो, हे हळदीचा पेला दाखवतो. मेंदूतील रसायने मोजण्याची आजची सर्वात प्रभावी पद्धत याच तत्त्वावर उभी आहे.

निरोप आणि दवंडी

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्या एकमेकींशी रसायनांच्या साहाय्याने बोलतात. यातील बरेचसे बोलणे अगदी खासगी आणि झटपट असते. एक पेशी दुसरीच्या जवळ येऊन अतिसूक्ष्म फटीत ग्लुटामेटसारखे रसायन सोडते, ते पलीकडच्या पेशीला मिळते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागांत काम संपते. एकाने दुसऱ्याच्या कानात निरोप सांगावा, तसा हा प्रकार.

डोपामाइन, सेरोटोनिन, नॉरअॅड्रिनालिन आणि अॅसिटिलकोलीन यांची रीत बव्हंशी निराळी आहे. गावात दवंडी पिटावी तशी ही रसायने एका जागी सुटून आसपासच्या मोठ्या परिसरात पसरतात. त्यांच्यामुळे एखादी पेशी थेट पेटतेच असे नाही; परंतु इतर निरोपांकडे किती लक्ष द्यायचे, कोणता धडा पक्का करायचा, जागे राहायचे की झोपायचे, हे या दवंडीवर ठरते. म्हणूनच त्यांना चेतानियामक असे म्हणतात. त्यांची निर्मिती करणाऱ्या पेशी फार थोड्या आहेत. माणसाच्या मध्यमेंदूत डोपामाइन बनवणाऱ्या पेशी जेमतेम काही लाख असतात. मात्र त्यांच्या तंतूंच्या शाखा मेंदूच्या दूरदूरच्या भागांत पोचलेल्या असतात.

मोजणीतील अडचण येथूनच सुरू होते. पेशींबाहेरच्या द्रवात डोपामाइनचे प्रमाण अत्यल्प असते. गच्चीवरच्या एक हजार लिटरच्या टाकीत चिमूटभर मिठाचा विसावा हिस्सा, म्हणजे साधारण १५ मिलिग्रॅम डोपामाइन विरघळवले, तर जे प्रमाण होईल, त्याच्या आसपासच्या पातळीवर मेंदूतील हे व्यवहार चालतात. त्यातही ते सुटल्यानंतर थोड्याच वेळात पेशी ते परत शोषून घेतात. इतके थोडे, इतके क्षणिक आणि तेही धडधडत्या, जिवंत मेंदूत मोजायचे, असे हे आव्हान आहे.

सर्पगंधा ते खाजकुहिली

या मोजणीचा इतिहास भारतीय वनस्पतींशी जोडलेला आहे. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेच्या मुळीचे रक्तदाब उतरवणारे व मन शांत करणारे गुण नोंदवले होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले अनुभव प्रसिद्ध केले आणि या मुळीकडे जगाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. रिसर्पिनमुळे रक्तदाब उतरत असे, तशी काही रुग्णांत उदासी आल्याच्याही नोंदी झाल्या. हे औषध मेंदूत करते तरी काय, असा प्रश्न त्यातून उभा राहिला.

स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रिसर्पिन दिले, तेव्हा ते निपचित पडले. त्यांना एल-डोपा नावाचे द्रव्य टोचताच ते काही मिनिटांत हिंडू-फिरू लागले. एल-डोपापासून शरीरात डोपामाइन तयार होते. प्रकाशाच्या साहाय्याने द्रव्य मोजणाऱ्या अनुस्फुरणमापक यंत्राने कार्लसन यांनी दाखवून दिले, की रिसर्पिनमुळे मेंदूतील डोपामाइनचा साठा रिकामा होतो आणि एल-डोपाने तो पुन्हा भरतो. या कार्याबद्दल त्यांना २००० सालचा नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. १९६० मध्ये व्हिएन्नातील संशोधकांना कंपवाताच्या म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामाइनची तूट आढळली आणि एल-डोपा हा त्या रोगावरील प्रमुख उपचार ठरला.

या कथेला सह्याद्रीचाही एक पदर आहे. पावसाळ्यानंतर डोंगरउतारांवर आणि कुंपणांवर वाढणाऱ्या खाजकुहिलीच्या वेलीला लोक तिच्या शेंगांवरील लवेमुळे बिचकून असतात. तिच्याच बियांत एल-डोपा असते, हे मद्रासच्या एम. दामोदरन आणि आर. रामस्वामी यांनी १९३७ मध्येच सिद्ध केले होते. मुंबईतील डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी या बियांचा कंपवाताच्या रुग्णांवर केलेला अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुर्वेदातील कवचबीज आणि आधुनिक औषध यांच्यामधील हा दुवा महत्त्वाचा खरा. परंतु त्यामुळेच बाजारात 'डोपामाइन वाढवणारे' म्हणून मिळणारे चूर्ण कोणीही आपल्या मनाने घ्यावे असे नाही. त्यातील एल-डोपाचे प्रमाण बियांगणिक बदलते आणि कंपवाताची औषधे सुरू असलेल्या रुग्णाची मात्रा त्यामुळे बिघडू शकते.

मोजणीचे जुने मार्ग

कार्लसन यांच्या पद्धतीत मेंदू काढून, वाटून मग मोजणी होत असे. १९६२ मध्ये स्वीडनच्याच फाल्क आणि हिलार्प यांनी मेंदूचे वाळवलेले काप फॉर्माल्डिहाइडच्या वाफेत ठेवून पाहिले. डोपामाइन व नॉरअॅड्रिनालिन असलेले तंतू हिरवे आणि सेरोटोनिनचे तंतू पिवळे चमकू लागले. मेंदूतील या रसायनांचा पहिला नकाशा या उजेडामुळे मिळाला. मात्र तो मृत मेंदूचा नकाशा होता. शहराचा नकाशा हाती आला, तरी सकाळी दहा वाजता कोणत्या रस्त्यावर किती गर्दी असते, हे त्यावरून कळत नाही.

जिवंत प्राण्यात मोजण्यासाठी पुढे दोन पद्धती प्रचलित झाल्या. एकीत अतिसूक्ष्म गाळणी असलेली नळी मेंदूत बसवून तेथील द्रवातील रेणू हळूहळू बाहेर काढतात आणि त्यांचे पृथक्करण करतात. या पद्धतीला मायक्रोडायलिसिस म्हणतात. तीत रसायन कोणते हे निश्चित कळते, परंतु एकेका नमुन्याला सहसा काही मिनिटे लागतात. दुसरीत केसाहून बारीक कार्बनच्या तंतूला विजेचा दाब देऊन डोपामाइनच्या रासायनिक बदलातून निर्माण होणारा प्रवाह मोजतात. ही मोजणी सेकंदाला दहा वेळा होऊ शकते. पण डोपामाइन आणि नॉरअॅड्रिनालिन यांची रचना एवढी जवळची, की त्यांच्यात भेद करणे कठीण जाते. शिवाय मेंदूतील अनेक महत्त्वाची रसायने या तंतूला दिसतच नाहीत.

माणसांसाठी पेट स्कॅनचा मार्ग आहे. डोपामाइनच्या ग्राहींना चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देऊन, डोपामाइन वाढल्यावर ते किती बाजूला सारले जाते यावरून अंदाज बांधतात. येथेही काळाचे माप मिनिटांचेच असते. घोट घेणे, झुरका मारणे किंवा ओळखीचा चेहरा दिसणे या घटना मात्र सेकंदांच्या आहेत.

जेलीफिशचा दिवा, ग्राहीचे कुलूप

या कोंडीतून वाट काढण्यास समुद्रातील एक जीव कारणी लागला. १९६२ मध्ये ओसामु शिमोमुरा यांनी एक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशमध्ये हिरवा उजेड देणारे प्रथिन शोधले. १९९४ मध्ये मार्टिन चॅल्फी यांनी त्या प्रथिनाचे जनुक जिवाणूत व कृमीत घालून त्यांना चमकवून दाखवले. रॉजर त्सिएन यांनी त्याचे अनेक रंग तयार केले. या तिघांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

हे हिरवे प्रथिन एखाद्या उभ्या डबीसारखे असते. डबीच्या आत मधोमध उजेड देणारा गाभा असतो आणि भिंती त्याला पाण्यापासून जपतात. संशोधकांनी या डबीची मूळ टोके एकमेकांना जोडली आणि गाभ्याजवळ नवीन छेद दिला. आता डबीला खिडकी पडली. खिडकी उघडी असली की गाभ्याचा भोवताल बिघडतो आणि उजेड मंदावतो. ती झाकली गेली की उजेड वाढतो. पाण्यातील आणि स्पिरिटमधील हळदीचा फरक येथे एका रेणूच्या आत, हवा तेव्हा घडवून आणता येतो. २००१ मध्ये जपानच्या जुनिची नाकाई यांनी या युक्तीने पेशीतील कॅल्शियम दाखवणारा संवेदक तयार केला.

डोपामाइनसाठी हवे होते ते खिडकी उघडझाप करणारे यंत्र. ते निसर्गाने आधीच बनवून ठेवले आहे. डोपामाइनला ओळखणारी ग्राही प्रथिने चेतापेशींच्या पटलात असतात. ग्राहीचा धागा पटलातून सात वेळा आरपार गेलेला असतो. डोपामाइन कुलपात किल्ली जावी तसे त्यात बसले, की पाचवा आणि सहावा हे दोन खांब आपल्या जागेवरून हलतात. या दोन खांबांना आतल्या बाजूने जोडणाऱ्या वेटोळ्यात ती हिरवी डबी बसवली, तर किल्ली बसताच खिडकीची स्थिती बदलेल आणि उजेड वाढेल, अशी ही कल्पना. सांगायला सोपी असलेली ही कल्पना प्रत्यक्षात आणण्यासाठी डबीच्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांत असंख्य बदल करून पाहावे लागले.

२०१८ मध्ये दोन गटांना जवळजवळ एकाच वेळी यश आले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील लिन तियान यांच्या गटाने 'डीलाइट' आणि चीनमधील पेकिंग विद्यापीठाच्या युलाँग ली यांच्या गटाने 'ग्रॅब-डीए' हे संवेदक जाहीर केले. डीलाइटच्या एका प्रकारात पुरेसे डोपामाइन मिळाल्यावर उजेड मूळ पातळीपेक्षा सुमारे ३४० टक्क्यांनी वाढतो आणि ही वाढ सेकंदाच्या अंशांत होते. लवकरच अॅसिटिलकोलीन, नॉरअॅड्रिनालिन, सेरोटोनिन आणि झोपेची ओढ निर्माण करणारे अॅडिनोसिन यांचे संवेदकही आले. सेरोटोनिनच्या एका संवेदकाची कथा विशेष रंजक आहे. २०२० मध्ये जाहीर झालेला हा संवेदक मुळात दुसरेच रसायन ओळखणाऱ्या जिवाणूच्या प्रथिनापासून, संगणकाच्या यंत्रशिक्षणाची मदत घेऊन घडवण्यात आला.

प्रत्यक्ष प्रयोग असा होतो. संवेदकाचे जनुक एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूत भरून उंदराच्या मेंदूच्या ठरावीक भागात टोचतात. काही आठवड्यांत तेथील पेशी स्वतःच संवेदक बनवून आपल्या पटलावर मांडतात. केसासारखा प्रकाशतंतू त्या जागी बसवलेला असतो. त्यातून निळा प्रकाश आत जातो आणि हिरवा उजेड त्याच वाटेने बाहेर येतो. उंदीर हिंडत, खात, शिकत, झोपत असतो आणि पडद्यावर त्याच्या डोपामाइनचा आलेख उमटत राहतो.

आलेखात काय दिसले?

डोपामाइन म्हणजे 'सुखाचे रसायन' ही समजूत दृढ आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या चेतापेशींच्या विद्युत नोंदींवरून १९९० च्या दशकातच तिला धक्का दिला होता. अनपेक्षित गोड रस मिळाला, की या पेशी जोराने उद्दीपित होत. रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळले, की रस मिळताना त्या शांत राहत आणि दिवा लागताच उद्दीपित होत. दिवा लागूनही रस मिळाला नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही कमी होई. म्हणजे मिळाले किती, यापेक्षा अपेक्षेहून अधिक मिळाले की कमी, याची नोंद डोपामाइन ठेवत असावे. प्रकाशमान संवेदकांनी हीच सरक प्रत्यक्ष रसायनाच्या पातळीवर दाखवली.

पुढे चित्र अधिक गुंतागुंतीचे झाले. २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील जोशुआ बर्क यांच्या गटाने असे दाखवले, की न्यूक्लियस अॅक्युम्बन्स या भागात सुटणाऱ्या डोपामाइनचा चढउतार मूळ पेशींच्या विद्युत हालचालीशी नेहमीच जुळत नाही. मध्यवर्ती कार्यालयातून निघालेला आदेश आणि प्रत्यक्ष गावात पिटलेली दवंडी यांत फरक पडू शकतो, असाच याचा अर्थ. २०२२ मध्ये त्याच शहरातील विजय मोहन नंबुद्री यांच्या गटाने डीलाइट वापरून शुल्ट्झ यांच्या मांडणीलाच पर्याय सुचवला. घटना घडल्यावर मागे वळून तिचे कारण शोधण्याच्या कामात डोपामाइन मदत करते, असे त्यांचे म्हणणे. हा वाद मिटलेला नाही. परंतु तो आता प्रत्यक्ष मोजणीच्या आधारे लढवला जात आहे.

झोपेविषयीची एक समजूतही बदलली. गाढ झोपेत नॉरअॅड्रिनालिन एकसारखे खालच्या पातळीवर असते असे मानले जाई. २०२१ व २०२२ मधील उंदरांवरील अभ्यासांत ते साधारण अर्ध्या ते पाऊण मिनिटाच्या लाटांनी वर-खाली होताना दिसले. लाल उजेड देणारे संवेदक २०२० मध्ये आल्यामुळे एकाच जागी दोन रसायने एकाच वेळी पाहणेही शक्य झाले. हालचालींचे नियमन करणाऱ्या भागात डोपामाइन चढते तेव्हा अॅसिटिलकोलीन उतरते, अशी सेकंदाला सुमारे दोन वेळांची फुगडी २०२३ मध्ये नोंदवली गेली. कंपवातात या जोडीचा तोल बिघडतो, असे डॉक्टर अनेक दशके मानत आले आहेत.

मशेरीची डबी आणि मेंदू

या संशोधनाचा सामान्य कुटुंबांशी सर्वात जवळचा संबंध व्यसनाच्या प्रश्नाशी आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील घरांना दारू, तंबाखू, मशेरी आणि गुटखा यांची ओळख करून देण्याची गरज नाही. गुटख्यावर राज्याने २०१२ मध्ये बंदी घातली; दारूच्या दुकानाविरुद्ध 'उभी बाटली, आडवी बाटली' असे मतदानही राज्यातील अनेक गावांनी अनुभवले. साताऱ्यात जन्मलेले, सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकलेले आणि मिरजेतून वैद्यकीय पदवी घेतलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यासाठी ओळखले जातात. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यांनी साताऱ्यात उभ्या केलेल्या 'परिवर्तन' संस्थेने व्यसनमुक्तीचे काम हाती घेतले. व्यसन हा चारित्र्याचा दोष नसून उपचार करण्याजोगा आजार आहे, ही या क्षेत्रातील कार्यकर्त्यांची भूमिका. तिच्यामागील जीवशास्त्र आता अधिक स्पष्ट होत आहे.

इटलीतील जुझेप्पे दी कियारा आणि असुन्ता इम्पेरातो यांनी १९८८ मध्ये मायक्रोडायलिसिसच्या साहाय्याने दाखवले होते, की मद्य, निकोटीन, कोकेन आणि अफूजन्य पदार्थ ही परस्परांहून अगदी भिन्न द्रव्ये उंदरांच्या न्यूक्लियस अॅक्युम्बन्समध्ये डोपामाइन वाढवतात. प्रत्येकाचा मार्ग वेगळा आहे. निकोटीन पेशींवरील अॅसिटिलकोलीनच्या ग्राहींना चिकटते आणि त्यांना चेतवते. कोकेन सुटलेले डोपामाइन परत शोषणारी यंत्रणा रोखते. त्या वेळी मिनिटांच्या नमुन्यांत दिसलेली ही वाढ आता सेकंदांच्या आलेखात पाहता येते आणि त्यात संकेताचे महत्त्व ठळकपणे दिसते.

शुल्ट्झ यांच्या माकडांत डोपामाइनची उसळी रसावरून दिव्याकडे सरकली, तशीच ती पदार्थाकडून त्याच्या खुणेकडे सरकते. मशेरी लावणाऱ्या स्त्रीसाठी ती खूण म्हणजे पहाटेची वेळ, चुलीजवळची डबी किंवा भाजलेल्या तंबाखूचा वास असू शकतो. मद्यप्यासाठी बसथांब्यासमोरचा फलक, पगाराचा दिवस किंवा जुना मित्र. प्राण्यांवरील प्रयोगांत अशी खूण दिसली, की पदार्थ मिळण्याआधीच डोपामाइनचा आलेख चढतो. सहा महिने व्यवस्थित राहिलेला माणूस एखाद्या लग्नाच्या वरातीत अचानक का घसरतो, हे कुटुंबीयांना न उलगडणारे कोडे असते. 'याला इच्छाशक्तीच नाही', असा निष्कर्ष मग काढला जातो. प्रत्यक्षात विचार करण्यास सवड मिळण्याआधीच खुणेने आपले काम केलेले असते.

याचा अर्थ माणूस आपल्या रसायनांचा गुलाम आहे, असा नव्हे. खुणांपासून दूर राहणे, त्या ओळखणे, त्या समोर आल्यावर काय करायचे याचा आधीच सराव करणे आणि घसरण झाली तरी उपचार न सोडणे, हे व्यसनमुक्ती केंद्रांत शिकवले जाणारे मार्ग आहेत. ते अनुभवातून आले. मेंदूतील नोंदी त्यांना आधार देतात. मेंदू जे शिकला, त्यावर नवे शिक्षण चढवता येते. मात्र जुने शिक्षण एका उपदेशाने पुसले जात नाही.

मर्यादांची जाण

एवढे असले, तरी या संवेदकांच्या आलेखाकडे थर्मामीटरच्या आकड्यासारखे पाहता येत नाही. उजेड अमुक टक्क्यांनी वाढला, एवढेच तो सांगतो. लिटरमध्ये किती रेणू, हे त्यावरून थेट काढता येत नाही. संवेदक किती प्रमाणात तयार झाला, प्रकाशतंतूचे टोक कोठे आहे, यावर हा आकडा अवलंबून असतो. अति नाजूक संवेदक थोड्याशा डोपामाइननेच भरून जातो आणि पुढची वाढ दाखवू शकत नाही. कमी नाजूक संवेदकाला लहान बदल दिसत नाहीत. एकाच उंदरात आज आणि महिन्याभराने घेतलेल्या नोंदींची तुलना करतानाही जपावे लागते, कारण सततच्या प्रकाशाने उजेड फिका पडतो. प्राण्याच्या हालचालीनेही आलेख हलतो. म्हणून रसायनाच्या प्रमाणानुसार जिचा उजेड फारसा बदलत नाही, अशा जांभळ्या प्रकाशाची एक नोंद सोबत घेऊन वजाबाकी करतात.

आणखी एक पेच असा, की संवेदक हा मुळात ग्राहीच आहे. ग्राहीला अडवणारे औषध दिले, तर ते संवेदकालाही अडवू शकते आणि डोपामाइन असूनही उजेड दिसत नाही. शिवाय संवेदक डोपामाइनला धरून ठेवत असल्याने फार मोठ्या संख्येने असल्यास ज्याचे मोजमाप करायचे, त्यातच तो ढवळाढवळ करण्याची शक्यता असते.

'डोपामाइन डिटॉक्स'सारख्या लोकप्रिय उपायांचे या पार्श्वभूमीवर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. डोपामाइन हे शरीरातून काढून टाकायचे विष नाही. ते संपले तर काय होते, हे कार्लसन यांच्या निपचित सशांनी आणि कंपवाताच्या रुग्णांनी दाखवले आहे. मोबाइल दूर ठेवण्याने लाभ होत असेल तर तो खुणा कमी झाल्याचा आणि सवय मोडल्याचा. रसायनाची टाकी धुऊन निघाल्याचा नव्हे.

रुग्णांच्या हाती काय?

हे संवेदक माणसाच्या मेंदूत बसवलेले नाहीत. त्यासाठी जनुक टोचावे लागेल आणि मेंदूत तंतू घालावा लागेल. केवळ मोजणीसाठी निरोगी माणसावर असे करणे नीतीला धरून होणार नाही. कंपवातावरील मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी काही रुग्णांच्या संमतीने कार्बनच्या तंतूने डोपामाइन मोजण्याचे प्रयोग अमेरिकेत झाले असून त्यांचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे उंदरांकडून माणसाकडे जाणारा पूल अद्याप अरुंद आहे.

तरीही औषधांच्या शोधात या उजेडाचा उपयोग सुरू झाला आहे. लिन तियान यांच्यासह अमेरिकी संशोधकांनी २०२१ मध्ये सेरोटोनिनच्या '५-एचटी २ए' या ग्राहीवर आधारित 'सायकलाइट' हा संवेदक जाहीर केला. एखादे नवे द्रव्य भ्रम निर्माण करील की नाही, याचा अंदाज काचपात्रातील पेशींच्या उजेडावरून घेता येतो. भ्रम न होता नैराश्यावर उपयोगी पडतील अशा द्रव्यांचा शोध त्यामुळे सुकर होतो. हीच ग्राही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. विदिता वैद्य यांच्या संशोधनाच्याही केंद्रस्थानी आहे. सेरोटोनिन या ग्राहीमार्फत चेतापेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांची संख्या आणि कार्य वाढवते, असे त्यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवले. २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार मिळवणाऱ्या डॉ. विदिता या खाजकुहिलीचा अभ्यास करणाऱ्या डॉ. अशोक वैद्य यांच्या कन्या.

नैराश्यावरील प्रचलित गोळ्या सेरोटोनिनचे पुनर्शोषण काही तासांत रोखू लागतात. रुग्णाला बरे वाटायला मात्र काही आठवडे लागतात. मधल्या काळात मेंदूत काय घडते, याचे समाधानकारक उत्तर मिळाले तर योग्य औषध लवकर निवडता येईल आणि 'गुण येत नाही' म्हणून उपचार अर्ध्यावर सोडणाऱ्यांची संख्या घटेल. आठवडेच्या आठवडे रसायनांवर नजर ठेवू शकणारे संवेदक या प्रश्नासाठीच हवे आहेत आणि उजेड फिका न पडणारे, मोजमापाचा खरा आकडा सांगणारे संवेदक घडवण्याचे काम अनेक प्रयोगशाळांत चालू आहे.

तोपर्यंत सातारा-सांगलीतील डॉक्टर, समुपदेशक आणि कुटुंबीय यांना या संशोधनातून एक गोष्ट लगेच घेता येण्याजोगी आहे. व्यसनी किंवा निराश माणसाशी बोलताना त्याच्या मनोबलाची झाडाझडती घेण्यापेक्षा त्याच्या दिवसातील खुणा शोधणे अधिक फलदायी ठरते. कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणी आणि कोणाच्या सहवासात तोल जातो, याची साधी नोंदवही त्यासाठी पुरते. प्रयोगशाळेतील उंदराचा आलेख आणि ही नोंदवही, दोन्ही एकाच प्रश्नाचे उत्तर शोधत असतात.